अफाट आकाशाखाली अर्ध्या इंचाचा माणूस: चित्र कसं काढाल?

विश्वापुढे माणूस किती लहान, हे दाखवायला मी पहिलं चित्र काढलं, तेव्हा आकाशात शनी, धूमकेतू, दोन-दोन आकाशगंगा असं सगळं कोंबलं आणि खाली चांगला चार इंची माणूस उभा केला. बघणारा प्रत्येक जण विचारायचा, "हा कोण?" चित्र तिथंच फसलं. माणूस मोठा काढला की लोक त्याची ओळख विचारतात. आपल्याला हवंय ते त्यांनी त्याला शोधणं.

१. आधी आकाश बघून या. अमावस्येच्या आसपास, गावच्या दिव्यांपासून लांब. मोबाइल खिशात ठेवून वीस-पंचवीस मिनिटं थांबा, डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतोच. मे महिन्यात मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेला वृश्चिक आणि त्यामागोमाग धनु रास दिसते. आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग तिथंच आहे. फोटोवरून चित्र काढू नका. फोटोतली जांभळी-गुलाबी आकाशगंगा डोळ्यांना कधीच तशी दिसत नाही. भिंतीवर चुन्याचा पातळ हात फिरवावा, तशी ती दिसते.

२. जागा मोकळी सोडा. १५ बाय २२ इंचांचा जाड कागद उभा धरा आणि क्षितिजाची रेघ खालून तीन इंचांवर मारा. बाकी सगळं आकाश. इथं हात शिवशिवतो, काहीतरी भरावंसं वाटतं. कास्पार डाव्हिड फ्रिडरिश या जर्मन चित्रकाराने १८०८ ते १८१० दरम्यान समुद्रकाठी उभ्या एकट्या संन्याशाचं चित्र काढलं. त्यात आधी जहाजं होती, ती त्याने नंतर रंगाखाली बुजवून टाकली. इन्फ्रारेड तपासणीत ती दिसली. ती राहिली असती तर नजर जहाजांवर टेकली असती. आता तिला टेकायला तो संन्यासी सोडून काही नाही.

३. आकाश रंगवा. बाटलीतला तयार काळा रंग मेलेला दिसतो. अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळून काळोख तयार करा, क्षितिजाकडे येताना तो थोडा उजळत न्या. वाळल्यावर ओलसर स्पंजाने फिकट राखाडी रंग टिपत आकाशगंगेचा तिरका पट्टा उमटवा. पट्ट्यात मधेमधे काळे खंड ठेवा. ती पोकळी नव्हे, मागच्या ताऱ्यांचा उजेड अडवणारी धूळ आहे. पोस्टर कलर असतील तर एकाच जागी पुन्हापुन्हा टिपू नका, खालचा थर उठतो. ॲक्रिलिकला ही भीती नाही.

४. तारे शिंपडा. क्षितिजाखालचा भाग वर्तमानपत्राने झाका. पांढरा रंग दुधाइतका पातळ करून जुन्या टूथब्रशवर घ्या, पहिले जाड थेंब रद्दीवर झटका आणि मग अंगठा ब्रशच्या केसांवरून स्वतःकडे ओढा. उलट ओढलात तर तारे शर्टावर. पट्ट्यात दाट, बाहेर विरळ. मोजके ठळक तारे टूथपिकने टेकवा. वृश्चिकेतली ज्येष्ठा किंचित तांबूस ठेवा.

५. माणूस शेवटी. उंची जेमतेम अर्धा इंच, जागा मध्यापासून बाजूला. चेहरा नको, पण ढब हवी: खांद्यावर ओझं, किंचित वाकलेली पाठ, पुढे टाकलेला पाय. शेजारी एक झाड आणि मागे डोंगराची कड असू द्या, म्हणजे नजर पायरीपायरीने वर चढेल. अकराव्या शतकातल्या फान कुआन या चिनी चित्रकाराने हे फार सुंदर साधलंय. दोन मीटरहून उंच चित्रात आधी नुसता कडा अंगावर येतो, आणि खाली उजव्या कोपऱ्यातले खेचरांवाले वाटसरू बऱ्याच वेळाने दिसतात.

पण लहान म्हणजे हरवलेला नव्हे. १४ फेब्रुवारी १९९० रोजी व्हॉयेजर-१ या अंतराळयानाने सुमारे ६०० कोटी किलोमीटरवरून पृथ्वीचा फोटो काढला. त्यात पृथ्वी एका पिक्सेलपेक्षाही लहान आहे, तरी उजेडाच्या तिरिपेत असल्यामुळे शोधता येते. आपल्या माणसाच्या हातात कंदील द्या: पिवळ्या-केशरी रंगाचा एकच ठिपका. ज्येष्ठेची तांबूस छटा सोडली, तर अख्ख्या चित्रात दुसरीकडे कुठंही उबदार रंग नको.

आता दहा फूट मागे जा. तिथून ठिपका दिसावा, माणूस नाही. माणूस दिसत असेल तर त्याच्यावर रंग फिरवून पुन्हा लहान काढा. माझा तिसऱ्या खेपेला जमला.

सही मात्र त्या माणसापेक्षा मोठी होत असेल, तर कागदाच्या मागे करा.