बापलेकीची गोष्ट पोरींसोबत वाचायची असेल तर

आमचं वाचनालय अंबाजोगाईकडच्या एका लहान गावात आहे. रविवारी दुपारी आठवी ते बारावीच्या दहा-बारा पोरी येतात, आम्ही एकत्र वाचतो. बाप लेकीचं नुकसान करतो अशा गोष्टी मी मुद्दाम निवडते. तुमच्या गावात कुणाला हे करायचं असेल, तर मला जे जमलं ते सांगते.

सुरुवात जुन्या, लांबच्या गोष्टीपासून करा. आजच्या घरातली कथा घेतली की पोरींना ती शेजारच्या घरातली वाटते आणि तोंडं मिटतात. मी माधवीपासून सुरू करते. महाभारताच्या उद्योगपर्वात ही कथा आहे. गालव ऋषीला गुरुदक्षिणेसाठी एक कान काळा असलेले ८०० पांढरे घोडे हवे असतात. तो ययाती राजाकडे येतो. ययातीकडे घोडे नाहीत, पण दारी आलेला याचक रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून तो आपली लेक माधवी देऊन टाकतो. तीन राजांकडे ती एकेक मुलगा होईपर्यंत राहते, दरवेळी २०० घोडे मिळतात. असे आणखी घोडे सापडत नाहीत, तेव्हा राहिलेल्या २०० घोड्यांच्या बदल्यात तिलाच गालवाच्या गुरूकडे, विश्वामित्राकडे देतात. पुढं बाप तिचं स्वयंवर मांडतो, तेव्हा ती वनाला वरते.

'ययाती वाईट होता का?' असं विचारू नका. मी एकदा विचारून बसले. सगळ्या पोरी बापाची बाजू घ्यायला लागल्या, कारण बापाला वाईट म्हणायला आपल्याकडे जीभ रेटत नाही. त्याऐवजी वहीचं पान मधोमध दुमडायला सांगा. डावीकडे बापानं काय केलं ते लिहायचं. उजवीकडे, त्यानंतर लेक काय करायला लागली आणि तिनं काय करायचं सोडलं.

उजव्या बाजूला घाई करू नका, खरी गोष्ट तिथंच असते. चार राजांकडून ८०० घोडे पुरे होतील, हा हिशेब गालवाला कोण मांडून देतं? माधवी स्वतः. आणि म्हातारा ययाती स्वर्गातून खाली पडतो, तेव्हा आपल्या तपाचं अर्धं पुण्य त्याला कोण देऊ करतं? तीच. मागच्या वर्षी नववीतल्या एका पोरीनं उजवीकडे लिहिलं होतं, 'तिला देऊन टाकलं तरी ती देतच राहिली.' मी ते वाचलं आणि थोडा वेळ मला पुढं बोलता आलं नाही.

म्हणून पोरींना एक खूण शिकवा : गोष्टीत लेकीचं कौतुक होतं त्या जागा पुन्हा वाचायच्या. इजा पुष्कळदा तिथंच लपलेली असते. आमच्या अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, सायकलचं स्टँड अंगणात खाडकन लागलं की मी हातातलं टाकून पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राहायचे. पाहुणे म्हणायचे, काय गुणाची पोर! मी अण्णांचा चेहरा बघत असायचे, आज जेवणं शांततेत होतील का म्हणून. आता पन्नाशी उलटली, तरी शेजारी स्टँड वाजलं की पोटात गोळा येतो.

दुसरी गोष्ट 'संगीत शारदा'. देवलांचं हे नाटक १८९९ चं. कांचनभट पैशासाठी पोटची पोर शारदा म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. आमच्याकडे हे वाचताना खोली एकदम गप्प होते. ऊसतोडीची टोळी साखर कारखान्यावर निघायच्या आत पोरीचं लग्न उरकून टाकायचं, हे इथं प्रत्येकीनं पाहिलेलं आहे. इथं मात्र न्यायानं बोला. कांचनभटाला पैशाची हाव आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बापाला, वयात आलेली पोर मागं कुणाच्या भरवशावर ठेवू, याची धास्ती असते. डाव्या बाजूला हा फरक लिहायलाच हवा. उजव्या बाजूला मात्र दोघींच्याही वाट्याला न विचारता ठरवलेलं लग्नच येतं.

शेक्सपिअरचं लिअर राजाचं नाटक मोठ्या वर्गातल्या मुलींसोबतच घ्या. विंदा करंदीकरांचा अनुवाद आहे. खरं बोलून बापाच्या मनातून उतरलेल्या धाकट्या लेकीला, कॉर्डेलियाला, सगळ्या जवळ करतात. पण बाप थोरल्या लेकीला, गॉनरिलला, वांझ राहण्याचा शाप देतो, ते पान तिच्या बाजूनंही वाचा.

काही गोष्टी मी कटाक्षानं पाळते. 'तुमच्या घरी कसं आहे?' हे चारचौघींत कधीच विचारायचं नाही, बोलणं गोष्टीतल्या मुलीबद्दलच. शेवटी 'बापाचं मनातून प्रेमच होतं' अशी सारवासारव करायची नाही. माफ करायचं की नाही ते त्या पोरीचं तिनं ठरवावं. एखादी गप्प झाली तर तिला पुस्तकं फडताळात लावायला थांबवून घ्या. हात कामात असले की बोलणं सोपं जातं. ती काही सांगायला लागली तर 'कुणाला सांगणार नाही' असा शब्द देऊ नका. लैंगिक अत्याचाराचं असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. लहान मुलांसाठी १०९८ हा नंबर फुकट आहे आणि रात्रीही लागतो. मी तो पुस्तकांच्या नोंदवहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय, म्हणजे सही करताना आपोआप नजरेला पडतो.

आणि दुमडलेल्या पानांच्या त्या वह्या घरी नेऊ देऊ नका. एकीची वही घरात सापडली होती, ती पुढचे तीन रविवार आली नाही. तेव्हापासून वह्या वाचनालयाच्या लोखंडी कपाटात, खालच्या खणात असतात. वर नावं नाहीत, फुलांची चित्रं आहेत. किल्ली माझ्या कमरेला.