संत्र्याची स्मूदी कडू का व्हायची

आमचं गाव वरुड तालुक्यात, संत्र्याची बाग घरचीच. पोरगी सकाळी सातच्या एसटीनं कॉलेजला जाते, पोळी खायला वेळ नसतो. म्हणून मी संत्रं नि दूध मिक्सरमधून काढून बाटलीत भरून द्यायची. संध्याकाळी बाटली अर्धी परत. दूध फाटलेलं, चव कडू जहर.

कडूपणा बियांतून आणि फोडींच्या पापुद्र्यातून येतो. लिमोनिन नावाचं द्रव्य असतं. रस ठेवला की कडवटपणा हळूहळू वाढत जातो. घरी गोड लागलेला रस एसटीतून उतरेपर्यंत कडू, तो यामुळेच. आता मी फोडी सोलून एकेक बी काढते. पाच मिनिटं जातात, पण खरं काम तेच. आणि पोरगी घरीच पिऊन निघते. दुधाऐवजी मी ताजं दही घेते. ते आधीच विरजलेलं, संत्र्याच्या आंबटानं आणखी काय फाटणार!

दोन संत्री, एक पिकलेलं केळं, अर्धी वाटी दही, चमचाभर जवसाची पूड. जवस अख्खा टाकू नका, बराचसा न पचताच बाहेर पडतो. हलका भाजून कोरडाच फिरवा, तोही आठवड्यापुरता, नाहीतर खवट होतो. साखर नाही, केळं पुरतं. गाळायचंही नाही, चोथा पोटाला हवाच.

मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची संत्री मार्चच्या आसपास संपतात. मग पपई घेते, तिच्यातही बिया काढायच्याच.

परवा पोरीनं ग्लासाचा तळ चमच्यानं पुसून खाल्ला.