बीओडी, स्लज आणि माळरान : कारखान्यात या चुका टाळा

सोलापुरातल्या चादरी-टॉवेलच्या डाइंग (रंगाई) युनिटचा सांडपाण्याचा अहवाल बिघडला की सगळे ईटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेला, दोष देतात. आधी नमुना कसा घेतला ते विचारा.

बीओडी आणि सीओडी दोन्हींसाठी एकच कॅन भरून पाठवणं ही सर्रास होणारी चूक. बीओडी म्हणजे 27 अंश सेल्सिअसला तीन दिवसांत पाण्यातली घाण पचवताना जिवाणूंनी वापरलेला प्राणवायू. म्हणजे बाटलीत जिवाणू जिवंत हवेत. सीओडी म्हणजे तीच घाण रसायनाने मोडायला लागणारा प्राणवायू; त्याच्या नमुन्यात मात्र सल्फ्युरिक आम्ल घालून पीएच 2 च्या खाली आणतात. ते पाणी बीओडीला चालत नाही. ब्लीचिंगचं क्लोरीन उरलं असेल तरीही जिवाणू मरतात आणि बीओडी खोटा कमी दिसतो. उलट डाइंगमधलं मीठ सीओडी खोटा वाढवतं, म्हणून क्लोराइड जास्त आहे हे प्रयोगशाळेला चिठ्ठीवर लिहून कळवा. बीओडीची बाटली काठोकाठ भरा, बर्फात 4 अंशांच्या आसपास ठेवा, 24 तासांत पोचवा. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत तापलेला नमुना सरळ फेकून द्यावा.

आकडे खरे असूनही ईटीपीची जैविक टाकी (जिथे जिवाणू घाण पचवतात) आजारी असेल, तर बीओडीला सीओडीने भागा. उत्तर 0.3 च्या खाली आलं तर पाण्यात जिवाणूंना पचेल असं फारसं काही नाही. जिवाणू वाढवायला शेण-गूळ कितीही ओता, उपयोग नाही. रंग आधी कोअ‍ॅग्युलेशनने (रसायन घालून साका बसवून) काढा. डिसायझिंगचं (कापडाची खळ धुऊन काढण्याचं) पाणी वेगळं: ताण्याची स्टार्चची खळ त्यात उतरते आणि बीओडी एकदम चढतो. ते समतोल टाकीतून थोडं थोडं सोडा. एरेशनमध्ये (हवा सोडण्याच्या टाकीत) विरघळलेला प्राणवायू लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास आणि बीओडी, नायट्रोजन, फॉस्फरसचं प्रमाण 100:5:1 ठेवा.

टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) जैविक टाकीत कमी होत नाही. बोअरचं पाणी मिसळून आकडा उतरवणं ही प्रक्रिया नव्हे, फसवणूक आहे. मिठाचं डायबाथ (रंगाईचं खारं पाणी) वेगळं काढून आरओ आणि बाष्पीभवनाकडे न्या.

डाइंगच्या ईटीपीचा स्लज (गाळ) घातक कचऱ्यात मोडतो. बागेत टाकू नका. साठवण 90 दिवसांपर्यंतच. रोजची नोंद घातक कचरा नियमांच्या फॉर्म 3 मध्ये, वार्षिक विवरण फॉर्म 4 मध्ये 30 जूनपर्यंत. 30 सप्टेंबरचं पर्यावरण विवरणपत्र म्हणजे फॉर्म 5. एक भरलं म्हणून दुसरं सुटत नाही.

सगळ्यात वाईट चूक चांगल्या हेतूने होते. सीएसआरच्या (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या) पैशातून माळरानावर झाडं लावतात, कारण कागदावर ती जमीन 'पडीक' असते. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य 1979 चं. माळढोक, काळवीट, लांडगा यांना उघडं गवताळ रानच लागतं. माळढोक जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालतो आणि दूरवर नजर टाकता येईल अशी जागा शोधतो. मधे झाडं उभी राहिली की त्याची जागा गेली, शिवाय शिकारी पक्ष्यांना टेहळणीला फांद्या मिळतात. वीजवाहिन्याही घातक: या जड पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही आणि ऐनवेळी वळताही येत नाही.

हरित पट्टा कारखान्याच्या आवारातच करा. कडुनिंब, करंज लावा, गिरिपुष्प आणि सुबाभूळ नको. माळावर खर्च करायचाच असेल तर मारवेल, पवन्या यांसारखं गवत राखा, बी धरेपर्यंत चराई थांबवा आणि वन विभागाला विचारल्याशिवाय एकही खड्डा खणू नका.