झाडावरच्या अळ्यांना शत्रू आहेत का? फवारणीआधी बरणीत पाहा

पानांची चाळण झालेली दिसली की हात फवारणीच्या पंपाकडे जातो. पण जरा थांबा. पतंगाच्या अळ्यांवर वाढणारे परोपजीवी कीटक बऱ्याचदा झाडावर आधीच कामाला लागलेले असतात, आणि सरसकट मारणारं कीटकनाशक त्यांनाही मारतं. म्हणून आधी ते आहेत का, किती आहेत, हे तपासा.

सुरुवात अंड्यांपासून करा. पानांची खालची बाजू आणि खोडाच्या भेगा भिंगाने पाहा. ट्रायकोग्रामा ही एक मिलिमीटरहूनही लहान गांधीलमाशी पतंगाच्या अंड्यातच आपलं अंडं घालते. तिची अळी आत वाढली की पतंगाचं अंडं काळं पडतं. काही पतंगांची अंडी उबण्याआधीही काळवंडतात, तेव्हा नुसत्या रंगावर जाऊ नका. अंड्यांसकट पान काचेच्या नळीत ठेवून कापसाचा घट्ट बोळा लावा आणि आतून काय बाहेर येतं ते पाहा.

मग वीस-तीस अळ्या गोळा करा. वरच्या-खालच्या फांद्यांवरून, लहान-मोठ्या, निवड न करता. मरगळलेल्याच उचलल्या तर हिशेब चुकतो. सुरवंट असतील तर चिमटा वापराच, त्यांच्या केसांनी अंगावर पुरळ उठतं. एका बरणीत एकच अळी ठेवा, नाहीतर एकीचा रोग सगळ्यांना लागतो. तळाशी कागद, रोज त्याच झाडाचं ताजं पान, आणि तोंडाला दाट विणीचं कापड. विरळ कापडातून बारीक गांधीलमाशा निसटतात. बरणी उन्हात ठेवू नका.

आता रोज पाहायचं, आणि इथेच खरी गंमत आहे. अळीच्या डोक्यामागे पांढरा, लंबगोल, घट्ट चिकटलेला ठिपका दिसला तर ते टॅकिनिड माशीचं अंडं. ते उबण्याआधी अळीने कात टाकली, तर अंडं कातीबरोबर जातं आणि अळी वाचते. उबलं तर माशीची अळी आत शिरते, आणि पुढे बरणीच्या तळाशी तपकिरी, गुळगुळीत, पिंपासारखा कोष सापडतो. काही अळ्यांची कातडी फोडून एकदम अनेक बारीक अळ्या बाहेर येतात आणि तिथेच तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे-पिवळे कोष विणतात. ही कोटेसियासारख्या गांधीलमाशांची पिल्लं. झाडावर असे कोष दिसले की लोक त्यांना अळीची अंडी समजून चिरडतात. कृपा करून तसं करू नका!

अळी लुळी पडून लोंबत असेल आणि आतून पाणी झालं असेल, तर तो बहुधा विषाणू. कडक होऊन अंगावर भुकटी धरली असेल, तर बुरशी. यांचीही नोंद ठेवा, पण वेगळी.

पतंगाचे कोषही तपासा. पतंग बाहेर पडला की कोष उकलतो, तर गांधीलमाशी सहसा नेटकं गोल भोक पाडून जाते.

शेवटी मोजा. पंचवीसपैकी दहा अळ्यांमधून परोपजीवी निघाले तर प्रमाण चाळीस टक्के. झाड मोठं, निरोगी असेल तर अशा वेळी मी फवारणी टाळेन. रोप लहान असेल तर अळ्या हाताने वेचा, मात्र कोष चिकटलेल्या अळ्या झाडावरच राहू द्या.

या मित्रकीटकांपैकी अनेकांचे प्रौढ मधुरसावर जगतात. झाडाजवळ बडीशेप, कोथिंबीर फुलोऱ्यावर येऊ द्या. पण परक्या प्रदेशातला कीटक आणून सोडू नका. अमेरिकेत १९०६ साली स्पंजी पतंगाच्या बंदोबस्तासाठी कॉम्प्सिल्युरा कॉन्सिनाटा ही टॅकिनिड माशी सोडली गेली; ती तिथल्या देखण्या रेशीमपतंगांच्या अळ्यांवरही तुटून पडली.

बरणीतून निघालेल्या माशा आणि गांधीलमाशा मात्र त्याच झाडाखाली, संध्याकाळच्या सावलीत सोडा.