स्वीपिंग मशीनची ड्राइव्ह मोटर बदलताय? आधी जुनी कशाने गेली ते पाहा, या चुका टाळा

इंदूरात मशीन बिघडलं की फोन हिंदीतच येतो, समोरचा माणूस घरी मराठी बोलणारा असला तरी. गेल्या पावसाळ्यात सांवेर रोडच्या एका कारखान्यातून आला तो असा: "भिया, स्वीपर की मोटर उड़ गई, नई लेते आना." मी मोटर न घेता गेलो. बसून चालवायचं, २४ व्होल्टचं, पुढच्या एकाच चाकात मोटर असलेलं मशीन. पेडल दाबलं की मोटरला करंट सोडणाऱ्या कंट्रोलरचा दिवा लुकलुकायचा आणि मशीन जागचं हलायचं नाही. तिथल्या इलेक्ट्रिशियनची मोटर काढून, खोलून, परत बसवून झाली होती. मोटरमध्ये काही सापडलं नाही, म्हणून ती 'आतून जळली' असा निकाल.

दोष निघाला ब्रेकच्या वायरीत. पुढचं चाक वळतं, त्याबरोबर केबलींचा जुडगाही वळतो. रोज डावी-उजवी होऊन आतली तांब्याची तार तुटली होती, वरचं इन्सुलेशन मात्र शाबूत. स्टिअरिंग सरळ असताना मीटर 'पीं' करायचा, डावीकडे पूर्ण वळवलं की गप्प. अर्धा मीटर वायर आणि दोन थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे तुकडे), एवढ्यात काम झालं.

एक खुलासा आधीच. आपल्या शहरात 'स्वीपर' म्हटलं की रात्री रस्त्यांवरून फिरणारी महापालिकेची ट्रकवाली मशीनं डोळ्यांपुढे येतात. इंदूर २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात वर आहे, त्यामुळे त्यांचं कौतुकही आहे. पण तो वेगळा प्राणी. इथे बोलतोय ते कारखान्यात, गोदामात चालणाऱ्या बॅटरीवरच्या मशीनबद्दल, आणि तिच्यातही चाक फिरवणाऱ्या मोटरबद्दल. याच मशीनमध्ये रोलर ब्रशची मोटर वेगळी असते, धूळ ओढणाऱ्या पंख्याची वेगळी. फोनवर पार्ट मागवताना हे स्पष्ट बोला. 'मोटरचा ब्रश' मागितला म्हणून सियागंज बाजारातल्या काउंटरवर कार्बनऐवजी (मोटरच्या आत घासत वीज पोचवणारा तुकडा) झाडायचा साइड ब्रश हातात पडलेला माणूस मी पाहिला आहे. तो माणूस मीच होतो.

मोटर गेली, हे ठरवलं कोणी?

सगळ्यात महागडी चूक हीच: चाक फिरत नाही, म्हणजे मोटर गेली. मोटरपर्यंत करंट पोचायला बॅटरी, मेन प्लग, फ्यूज, कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा मोठा स्विच), सीट स्विच, पेडलचा पॉट (पेडल किती दाबलं ते कंट्रोलरला सांगणारा), कंट्रोलर आणि ब्रेक एवढ्यांनी आपापलं काम करावं लागतं. यातलं कोणीही रुसलं तरी लक्षण एकच दिसतं.

चावी बंद करण्याआधी कंट्रोलरचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते कागदावर लिहून घ्या. फोनवर व्हिडिओ काढला तर आणखी बरं. बरेच जण घाईत चावी बंद करतात, मेन प्लग ओढतात आणि मशीनने स्वतः सांगितलेली गोष्ट घालवून बसतात.

मग बॅटरी. २४ व्होल्टचा लेड-ॲसिड संच पूर्ण भरलेला आणि निवांत असताना साधारण २५.४ व्होल्ट दाखवतो. तेवढ्यावर खूश होऊ नका. पेडल दाबून, मशीनवर जोर पडलेला असताना मोजा. आकडा २१ च्या खाली गेला तर आधी बॅटरी आणि तिची कनेक्शन बघा. लगखाली (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) पांढरी-हिरवी पूड जमली असेल, तर मीटरची एक पिन बॅटरीच्या पोस्टवर आणि दुसरी लगवर ठेवून पेडल दाबा. चांगल्या जोडावर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. तिथे अर्धा व्होल्ट दिसला, तर तो जोड हीटरचं काम करतोय.

आता ब्रेक. या मोटरींच्या शेपटाला बहुधा विजेचा ब्रेक असतो आणि तो उलट्या चालीचा: करंट नसताना स्प्रिंगने पकडतो, करंट मिळाला की सोडतो. पेडल दाबताना कान मोटरजवळ न्या, 'टक' आवाज यायला हवा. आला नाही तर ब्रेकच्या दोन बारीक वायरी सोडवून कॉइलचा रेझिस्टन्स बघा. कॉइल १० ते २० वॅटची आणि २४ व्होल्टची असेल, तर तो २९ ते ५८ ओहमच्या आसपास यायला हवा. मीटरने काहीच दाखवलं नाही तर कॉइल किंवा वायर तुटली आहे. ब्रेक अर्धवट सोडत असेल तर प्रकार वाईट. मोटर फिरते, मशीनही चालतं, फक्त मोटर सारा दिवस ब्रेकशी झटत असते. अशी मोटर संध्याकाळी हात लावू देत नाही आणि काही महिन्यांत खरोखरच जळते. मग नवी येते, त्याच ब्रेकवर बसते, आणि पुढच्या वर्षी परत फोन.

शेवटी मोटरला थेट विचारा. चाक जमिनीवरून उचला, मशीनखाली लाकडी ठोकळे द्या (नुसत्या जॅकवर विसंबू नका), मोटरच्या दोन्ही जाड वायरी कंट्रोलरकडून सोडवा, ब्रेक हाताच्या लीव्हरने मोकळा करा आणि १२ व्होल्टची एक बॅटरी मोटरला लावा. चाक अर्ध्या वेगाने, विनातक्रार फिरलं तर मोटर बदलायचं कारण बहुधा नाही. ही चाचणी दोन जाड वायरींच्या, कायम चुंबकाच्या मोटरीसाठी आहे. चार टर्मिनलची, ए१-ए२-एफ१-एफ२ लिहिलेली मोटर असेल तर हा प्रयोग करू नका. त्यातली सीरीज मोटर लोडशिवाय चालवली की वेग आवरत नाही.

ब्रेकचा लीव्हर मोकळा केला असेल तर काम झाल्यावर परत जागेवर आणा. हे विसरलं तर काही मशीनं हलायलाच नकार देतात आणि नवी मोटरही 'डेड' ठरते. दुसरी काही निमूट चालतात, पण उतारावर सोडली की थांबत नाहीत.

नेमप्लेट अर्धीच वाचणं

"२४ व्होल्ट, ४०० वॅट, दे दो." पार्टवाला देतो. पण प्लेटवर आणखी तीन गोष्टी असतात: आरपीएम, गिअरचं गुणोत्तर आणि ड्यूटी.

हिशेब साधा आहे. चाकाचा व्यास २५० मिलिमीटर असेल तर एका फेरीत मशीन ७८.५ सेंटिमीटर पुढे जातं. मोटर २५०० आरपीएमची आणि गिअर १:२५ असेल तर चाक मिनिटाला १०० फेऱ्या घेतं, म्हणजे ताशी सुमारे ४.७ किलोमीटर. तेवढ्याच वॅटची ३५०० ची मोटर त्याच गिअरवर बसवली की वेग ६.६ वर जातो. ड्रायव्हर खूश. मात्र वेग वाढला तसा जोर घटला. रॅम्पवर ती मोटर दुप्पट धापा टाकते, आणि रोलर ब्रशला जमिनीवर कमी वेळ मिळाल्यामुळे कचराही मागे राहतो.

ड्यूटी एस१ म्हणजे सतत चालणारी. एस२ - ६० मिनिटं लिहिलं असेल तर पूर्ण लोडवर तासभर, नंतर गार होऊ द्यायची. तीन शिफ्टच्या कारखान्यात ही बसवून कंपनीच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही. जास्त वॅटची मोटर टाकूनही फार काही हाती लागत नाही, कारण करंट किती सोडायचा ते कंट्रोलर ठरवतो.

काढताना, बसवताना

चावी बंद म्हणजे वीज बंद नव्हे. बॅटरीचा मेन प्लग ओढा आणि कंट्रोलरमधले कॅपॅसिटर रिकामे व्हायला थोडा वेळ द्या. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. २४ व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण बॅटरीवर आडवा पडलेला पाना काही क्षणांत लाल होतो. कडं मनगटात असतं, एवढंच वाईट.

कोणती वायर कुठे होती याचा फोटो घ्या. आमच्याकडे सगळ्यांना वाटतं की लक्षात राहील. जेवणाच्या सुट्टीनंतर राहत नाही.

टर्मिनलचा नट फिरवताना दोन पाने लागतात. खालच्या नटला एक पाना धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने वरचा सोडवायचा. एकाच पान्याने जोर लावला की अख्खा बोल्ट फिरतो आणि मोटरच्या आत त्याला जोडलेली पट्टी पीळ खाऊन तुटते. कोरी मोटर बसवतानाच मारल्याची दोन उदाहरणं मी स्वतः पाहिली आहेत, आणि दोन्ही वेळा 'माल खराब आला' असंच ठरलं होतं.

गिअर शाफ्टवरून निघत नाही म्हणून हातोडी घेऊ नका, पुलर वापरा. आतले फेराइटचे चुंबक चिनी मातीच्या कपासारखे असतात. बाहेरून ठोका दिला की आत तडकतात, आणि घाव बेअरिंगवर जातो तो वेगळाच.

मेगर (मोठ्या व्होल्टेजवर इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावायची हौस असेल तर आधी कंट्रोलर पूर्ण सोडवा. ५०० व्होल्ट कंट्रोलरमध्ये गेले की मोटरपेक्षा मोठं बिल येतं.

जुनी मोटर भंगारात टाकण्याआधी उघडा

माझ्या मते या कामात खरी शिकायची जागा हीच, आणि नेमकी हीच लोक टाळतात. जुनी मोटर उघडली की ती कशी गेली ते दिसतं.

कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतो तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) गुळगुळीत, चॉकलेटी रंगाचा असेल तर मोटर सुखाने जगली. कार्बन संपला असेल तर संपला, नवा टाका. दोन-तीन पट्ट्याच काळ्या जळलेल्या असतील तर आर्मेचरमध्ये (मोटरचा फिरणारा भाग) तिथे गुंडाळी तुटली किंवा शॉर्ट झाली असण्याची शक्यता जास्त. रिवाइंडिंगवाला ग्रोलरवर (आर्मेचर तपासायच्या यंत्रावर) लगेच सांगेल. सगळीकडे सारखा काळेपणा आणि जळका वास असेल तर लोड जास्त होता. मग मशीनखाली वाका. चाकाच्या धुरीभोवती खोक्यांची प्लास्टिक पट्टी आवळून बसली आहे का? मागे हूक लावून माल भरलेली ट्रॉली ओढतात का? हे विचारल्यावर सुपरवायझर आधी नाही म्हणतो, मग म्हणतो, "काका, कधीकधी."

कम्युटेटरवर काळा, चिकट लेप दिसला तर गिअरबॉक्सचं ऑइल सील गेलं आहे. तेल मोटरमध्ये झिरपतं, कार्बनची पूड त्यात कालवली जाते आणि पट्ट्यांमधल्या खाचा भरतात. सील न बदलता नवी मोटर लावणं म्हणजे तिलाही त्याच तेलात बुडवणं. सील काही फार महाग नसतं. गिअरबॉक्स उघडायचा कंटाळा महाग पडतो.

पीथमपूरच्या एका कास्टिंगच्या कारखान्यात मोटर उघडली तेव्हा चुंबकांवर लोखंडाच्या भुकटीची दाट लव उभी होती, मांजराच्या पाठीवरच्या केसांसारखी. झाडलेल्या जमिनीवरची भुकटी आत खेचली जाणारच, त्यात चुंबक. पण तिथल्याच पोराने नवी मोटर 'आत बघायला' म्हणून त्याच जमिनीवर उघडली होती, आणि अर्ध्या मिनिटात तिलाही मिशा फुटल्या. एअर गनने ती निघत नाही, हलून दुसरीकडे बसते. चिकटपट्टी दाबून दाबून काढावी लागली. मोटर उघडायचीच असेल तर टेबलावर, कागद अंथरून, आणि नवी तर अजिबात नको. बेअरिंग टाकताना रबरी सीलचं मागा. पत्र्याच्या झाकणाचं बेअरिंग माळव्याच्या काळ्या मातीची बारीक धूळ अडवत नाही.

कम्युटेटर घासायला एमरी वापरू नका. तिचे कण वीज वाहतात आणि खाचांत अडकतात. बारीक काचपेपर चालतो, आणि नंतर खाचा साफ करायच्या.

जोडली, आता?

चाक उचललेलंच असू द्या आणि पेडल हलकं दाबा. मशीन पुढे जायच्या ऐवजी चाक उलटं फिरलं तर घाबरायचं कारण नाही, मोटरच्या दोन जाड वायरी आपापसांत बदला. मोटरच्या. बॅटरीच्या बदलल्या तर कंट्रोलरचा धूर निघेल. चाक जमिनीवर ठेवून ही चाचणी करणारे मशीन थेट भिंतीवर नेतात, कारण उलटं निघालं की ड्रायव्हर घाबरून पेडल आणखी दाबतो.

पहिल्या दिवशी सपाट जमिनीवर, हलकं काम द्या. नवे कार्बन कम्युटेटरच्या गोलाईला बसायला काही तास घेतात. पहिल्याच तासाला रॅम्प चढवला तर कार्बनची टोकंच टेकलेली असतात आणि ठिणग्या उडतात.

मग करंट मोजा. इथे एक गंमत नेहमी होते: मेंटेनन्सवाला क्लॅम्प मीटर लावतो, शून्य येतं आणि तो म्हणतो मोटर करंटच घेत नाही. साधा क्लॅम्प फक्त एसी मोजतो. डीसी मोजणारा क्लॅम्प वेगळा असतो, थोडा महाग. तो नसेल तर एखाद्या दिवसासाठी मागून आणा, पण सपाट जमिनीवर किती आणि रॅम्पवर किती अँपिअर ते नक्की बघा.

हे दोन आकडे आणि तारीख मी बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहितो. सांवेर रोडच्या त्या मशीनवरही लिहिले होते. दिवाळीनंतर तिथला पोरगा फोनवर म्हणाला, "काका, सपाटीवरचा आकडा दीडपट झालाय, मोटर बदलायची का?" मी म्हटलं, आधी चाकाखाली वाकून बघ. दहा मिनिटांनी त्याने फोटो पाठवला: धुरीभोवती आवळलेली हातभर पिवळी पॅकिंग पट्टी.