फ्लुएन्टडीमधून सेन्ट्रीला लॉग पाठवणारं प्लगइन लिहिताय? या चुका टाळा

फ्लुएन्टडी म्हणजे लॉग गोळा करून पुढे पाठवणारं टूल, आणि सेन्ट्री म्हणजे ॲपमधले एरर गोळा करून दाखवणारी सेवा. प्लगइन लिहून झालं, लोकलवर मुद्दाम एक एरर टाकला आणि सेन्ट्रीच्या डॅशबोर्डवर काहीच नाही. इथे बरेच जण लगेच कोड उकरायला बसतात. आधी बफर (पुढे पाठवण्याआधी लॉग साठतात ती जागा) बघा ना. फ्लुएन्टडीचा फ्लश इंटरव्हल (बफर किती वेळाने पुढे पाठवायचा तो) डीफॉल्ट 60 सेकंद आहे, म्हणजे तुमचा एरर मिनिटभर बफरमधेच बसून असतो. टेस्टिंगपुरता तो 1 सेकंद करा.

आता खरी चूक, आणि ही आत्तापर्यंतच्या सगळ्यांची आई आहे. बफरवालं आउटपुट प्लगइन असेल तर फ्लुएन्टडी तुमची राइट मेथड बोलवतो, ती एक्सेप्शन न फेकता परत आली की त्याच्या मते माल पोचला, आणि तो चंक (बफरमधला रेकॉर्डचा गठ्ठा) पुसून टाकतो. तो दुसरं काहीही तपासत नाही. आणि रुबीचं नेट-एचटीटीपी 429 (फार रिक्वेस्ट झाल्या) आलं काय किंवा 500 (सर्व्हरचीच गडबड) आलं काय, स्वतःहून एक्सेप्शन टाकत नाही, नुसता रिस्पॉन्स हातात देतं. तुम्ही रिस्पॉन्सचा स्टेटस कोड चेक केला नाही तर सेन्ट्रीने नाकारलेले इव्हेंट गुपचूप गायब, लॉगमधे एक ओळ पण नाही.

सेन्ट्रीचं रुबी एसडीके (तयार लायब्ररी) वापरलं तरी सुटका नाही बरं का. ते बनवलंय वेब ॲपसाठी, त्यामुळे डीफॉल्टला इव्हेंट बॅकग्राउंड थ्रेडकडे ढकलून मोकळं होतं. कुरिअरवाल्याने पार्सल हातात घेतलं म्हणून पोचलं असं धरण्यासारखं आहे हे. बॅकग्राउंड वर्करचे थ्रेड 0 केले की पाठवणं तिथल्या तिथे होतं, पण माझं विचाराल तर अशा प्लगइनमधे सरळ एचटीटीपीनेच पाठवावं, काय झालं ते तरी कळतं.

मग लोक दुसऱ्या टोकाला जातात, काहीही बिनसलं की एक्सेप्शन. यात गंमत अशी की एक्सेप्शन आलं की अख्खा चंक परत ट्राय होतो, डीफॉल्टला 72 तासांपर्यंत, वेळ वाढवत वाढवत. चंकमधे एकच इव्हेंट वाकडा असेल आणि सेन्ट्री त्याला 400 (डेटाच चुकीचा) देत असेल तर त्याच्या आधीचे चांगले इव्हेंट पुन्हा पुन्हा जात राहणार आणि नंतरचे अडकून पडणार. म्हणून 429, 500 आणि त्याच्या वरचे, आणि टाइमआउट यांनाच एक्सेप्शन टाका. 400 किंवा 413 (डेटा फार मोठा) आला तर तेवढाच रेकॉर्ड राउटरच्या एमिट-एरर-इव्हेंटने एरर लेबलकडे पाठवा आणि पुढे चला.

रिट्राय आला म्हणजे डुप्लिकेट आलेच. इव्हेंट आयडी (32 हेक्स अक्षरं, मधे डॅश नको) राइटमधे बनवू नका, दर वेळी नवा बनतो. फॉरमॅट मेथडमधे बनवून रेकॉर्डसोबतच ठेवा. आणि टाइमस्टॅम्प लॉगचाच द्या, नाहीतर रात्री नेटवर्क गेलं आणि सकाळी आलं की सगळे एरर सकाळचे दिसतात आणि टीम भलत्याच डिप्लॉयला शिव्या घालत बसते.

लेव्हलचं पण बघा, सेन्ट्रीला "वॉर्निंग" लागतं, बऱ्याच लॉगरमधून "वॉर्न" येतं. मॅपिंग लिहा, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि लूप! प्लगइनच्या आत लॉग-एरर लिहिलं की तो लॉग फ्लुएन्टडीच्या स्वतःच्या टॅगने परत आत येतो, आणि कॉन्फिगमधे सगळं पकडणारा दोन स्टारचा (**) मॅच तुमच्याच प्लगइनवर असेल तर सेन्ट्री बंद पडल्या पडल्या एररचा एरर, त्याचा परत एरर, थांबतच नाही. फ्लुएन्ट-लॉग नावाचं लेबल यासाठीच आहे, फ्लुएन्टडीचे लॉग तिथे वळवून फाइलमधे टाका.

ग्रुपिंग, म्हणजे सारखे एरर एकाच इश्यूत गोळा करणं, नशिबावर सोडू नका. सेन्ट्री मेसेजमधले आकडे वगैरे ओळखून बाजूला काढतं, पण मेसेजमधे ग्राहकाचं नाव असेल तर ते त्याला कुठून कळणार, मग प्रत्येक ग्राहकाचा वेगळा इश्यू. रेकॉर्डमधे एरर क्लास आणि सर्व्हिसचं नाव असेल तर त्यांचाच फिंगरप्रिंट (कुठले एरर एकत्र धरायचे त्याची खूण) करा.

डीएसएनच्या (सेन्ट्रीचा पत्ता आणि की असलेली यूआरएल) कॉन्फिग पॅरामला सीक्रेट लावा, नाहीतर फ्लुएन्टडी सुरू होताना कॉन्फिग छापतो त्यात तो जसाच्या तसा दिसतो. आणि अख्खा रेकॉर्ड उचलून इव्हेंटच्या एक्स्ट्रामधे (जादा माहितीचा भाग) टाकायची सवय सोडा, त्यात ओटीपी, टोकन, मोबाइल नंबर काय काय असतं. रेकॉर्डमधल्या कुठल्या की पाठवायच्या त्याची यादी कॉन्फिगमधून घ्या, बाकीचं जाऊच देऊ नका.