झटका आला की बसला? हा शब्द वापरताना या चुका टाळा

दोन वर्षांमागं हिवाळ्यात रात्री साडेनऊला धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, बाबाले झटका आला, निघ लवकर." एवढं बोलला अन् रेंज गेली. आमचं गाव यवतमाळपासून चाळीसेक किलोमीटर, मधात अर्धा रस्ता खोदलेला, बायकोनं हाती लागतील तेवढे पैसे अन् बाबांचे जुने रिपोर्ट पिशवीत कोंबले, मी गाडी कशी हाकली ते मलेच माहीत नाही, अन् पोचून पाहतो तं बाबा ओट्यावर बसून चहा पिऊन राहिले होते. मले पाहून म्हणे, "तू कायले आला इतक्या रातचा?"

वावरात चन्याभोवती जनावरं दूर ठेवायले लावलेल्या झटका मशीनच्या ताराले हात लागला होता, बस इतकंच. भावाले "झटका बसला" म्हणायचं होतं, तो "आला" म्हणून मोकळा झाला.

तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यात बसलाय, म्हणून ही पोस्ट.

पहिली अन् सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, क्रियापदाची. झटक्याचा अर्थ एकट्या झटक्यात नसतो, मागून जे क्रियापद येते त्यात असतो. झटका आला म्हणजे आतून आला, हृदयाचा, लकव्याचा, फिटचा नाहीतर डोक्यातल्या लहरीचा ("याले मधातच कामाचा झटका येते, मंग चार दिवस झोपते" हे वाक्य प्रत्येक घरात कोणा एकासाठी राखीव असते). झटका बसला किंवा लागला म्हणजे बाहेरून बसला, करंटचा, बाजारभावाचा, निकालाचा. झटका दिला म्हणजे कोणीतरी मुद्दाम दिला. झटका मारला म्हणजे दोरीला, हाताला हिसका मारला. एक क्रियापद बदललं की माणूस दवाखान्यात नाहीतर ओट्यावर चहा पीत. फोनवर तर कृपा करून एक शब्द जास्त बोला, "ताराचा झटका" म्हणायला किती वेळ लागते?

आता हा शब्द आला कुठून. संस्कृतात "झटिति" असं अव्यय आहे, अर्थ लगेच, क्षणात. प्राकृतात ते "झत्ति" झालं. आपलं झट, झटकन, झटपट त्याच घरचं, हिंदी-गुजरातीतही झट आहेच. इथं लोक दुसरी चूक करतात, झटिति सापडलं की "बघा, सगळं मूळ संस्कृतात" म्हणून विषय बंद. पण वेदांच्या संस्कृतात झ हा वर्ण जवळपास नाहीच, झ वाले शब्द बहुतेक नंतरचे, अन् त्यातले कितीतरी लोकांच्या तोंडून, आवाजावरून झालेले. हेमचंद्रानं बाराव्या शतकात देशी शब्दांचा कोश केला, देशीनाममाला, त्यात झ ने सुरू होणारे शब्द वेगळे गोळा केलेले आहेत. त्यामुळे मला तरी असं वाटते की झटिति हाच मुळात कोणा शेतकऱ्याच्या नाहीतर गुराख्याच्या तोंडचा "झट्" असेल, पंडितांनी त्याला नंतर धोतर नेसवलं.

ग्रुपवर एक मेसेज फिरत असते की इंग्रजांनी "जेट" हा शब्द आपल्या झटितिवरून उचलला. नाही हो. जेट फ्रेंचमधून गेला, फेकणे या अर्थाच्या क्रियापदावरून, त्याचं मूळ लॅटिनात. तो मेसेज पुढं ढकलू नका.

शेवटचा "का" मात्र लय मजेचा आहे. झट ला का लागला की झटका, तसाच फट चा फटका, चट चा चटका, खट चा खटका, दण चा दणका, ठस चा ठसका. आधी आवाज, मंग त्या आवाजाची एक घटना. आमच्याकडं भिवापुरी मिरची कुटाले बसलं की ठसका म्हणजे काय ते शिकवा लागत नाही. पण म्हणून जे जे "टका" त संपते ते सगळे भाऊ असं धरू नका, डोक्याचा पटका कापडाच्या पट्ट्याचा सोयरा आहे अन् पाण्याचा मटका मातीचा, यमक जुळलं म्हणजे नातं जुळत नाही. तसंच झाडाचं, झाड अन् झटका एकाच झ चे म्हणून एका मुळाचे नाहीत, झाड म्हणजे झुडूप-रान, त्यावरूनच आपली झाडीपट्टी.

जवळचे नातेवाईक वेगळेच गोंधळ घालतात. झटणे म्हणजे जीव लावून काम करणे, झटकणे म्हणजे अंगावरचं काढून टाकणे. "सरपंच गावासाठी झटला" अन् "सरपंचानं गावाचं काम झटकलं" यात एका क चा फरक आहे. एका लग्नपत्रिकेत मी "आपले नम्र, कार्यासाठी झटकणारे" असं छापलेलं पाहिलंय, अन् खरं सांगतो, त्या लग्नात ते खरंही होतं.

पावसाच्या बाबतीत पुण्या-मुंबईकडच्या पाहुण्यांची हमखास चूक होते. इकडं कोणी म्हटलं "झड लागली" तं ते समजतात एक जोराची सर आली असेल, थांबू दहा मिनिटं. झड दहा मिनिटांची नसते बाप्पा! झड म्हणजे दोन दिवस, चार दिवस, बारीक-मोठा पाऊस चालूच, कपडे वाळत नाही, पऱ्हाटी (कपाशी) पिवळी पडते, गुरं गोठ्यात. जोरात येऊन जाते ती सर. झड अन् झटका ऐकायला शेजारी, पण एक थांबत नाही अन् दुसरा थांबत नाही तर तो झटकाच नव्हे.

हेच मला खरं सांगायचं आहे. येते अन् सोडून जाते तोच झटका. अन् हे विसरल्यामुळे आमच्या भागात माणसं मरतात.

रानडुकरं अन् रोही (नीलगायी) रातोरात चना, तूर साफ करतात, म्हणून कास्तकार झटका मशीन लावते. त्या डब्यात 12 व्होल्टची बॅटरी, वर सोलर प्लेट, आत विजेचा साठा भरते अन् सेकंदाला साधारण एकदा तारात सोडते, टक... टक... टक. व्होल्टेज 5 ते 10 हजारापर्यंत जाते, ऐकून घाबरायला होते, पण तो झटका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपासच टिकते, ऊर्जा थोडीशी, अन् दोन टकांच्या मधात माणसाला, डुकराला हात-तोंड काढून घ्यायला वेळ मिळते. म्हणून बाबा चहा पीत बसले होते. आता काही जण काय करतात, मशीनचे पैसे वाचवायले सरळ लाईनवरून नाहीतर बोरच्या मोटारीच्या डब्यातून 230 व्होल्ट तारात सोडतात अन् त्यालेही "झटका लावला" म्हणतात. तो झटका नाही. त्यात मधात सुट्टी नाही, करंट सेकंदाला 50 चक्रं फिरत राहते, हाताचे स्नायू आवळतात, तार सोडतो म्हटलं तरी हात सोडत नाही. व्होल्टेज कमी म्हणून धोका कमी हा हिशोब इथं उलटा पडते. 2017 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडं रेडिओ कॉलर लावलेला श्रीनिवास नावाचा वाघ अशाच करंटच्या ताराने मेला. जागलीला (रातच्या राखणीला) गेलेले, शेजारच्या धुऱ्यावरून (बांधावरून) अंधारात येणारे किती माणसं गेले ते पेपरात वाचतोच आपण. मशीनच्या नावात झटका आहे तो उगाच नाही, डायरेक्ट लाईनीले त्या नावानं हाक मारू नका, तिले करंटच म्हणा, म्हणजे निदान भीती तरी वाटंल.

अन् मशीन असूनही झटका बसत नसंल तर? टकटक ऐकू येते पण डुकरं खुशाल आत, ही तक्रार उन्हाळ्याच्या तोंडाशी लय येते. दुकानदाराले शिव्या देण्याआधी अर्थिंग पाहा. झटका तारातून जनावरात, जनावरातून जमिनीत अन् जमिनीतून अर्थिंगच्या सळईवाटे मशीनमध्ये परत, असा फेरा पुरा झाला तरच बसते. जमीन कोरडी ठणठणीत झाली की फेरा तुटला. सळई खोल ठोका, एकाऐवजी दोन-तीन ठोका, बुडाशी पाणी ओता. दुसरं, ताराले गवत नाहीतर पऱ्हाटीच्या फांद्या टेकल्या असतील तं सगळा झटका तिथंच जिरते.

आजाराच्या झटक्यावर थोडंसं. पेपरवाले "हृदयविकाराचा तीव्र झटका" शिवाय लिहीतच नाहीत, सौम्य माणसाले सुद्धा तीव्रच येते. पण हृदयाची रक्तवाहिनी बुजणे हा झटका अन् हृदय बंद पडणे हे वेगळं, पहिल्यात माणूस बोलत-चालत असू शकते, म्हणून "चालत तं आहे, गॅस असंल" म्हणून बसू नका. फिटचा झटका आला तर चप्पल, कांदा हुंगवणे, दातात चमचा घालणे, हातपाय दाबून धरणे हे सगळं बंद, कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार सरकवा, घड्याळ पाहा, 5 मिनिटांत थांबलं नाही तर 108. लकव्याचा मात्र दगाबाज असते, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला अन् अर्ध्या तासात सगळं ठीक, घरचे म्हणतात आला नि गेला. तो गेलेला नसते, कितीतरी वेळा मोठ्याची चिठ्ठी टाकून गेलेला असते. लगेच दवाखाना, कारण रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, अन् हा येऊन जाणारा आहे की राहणारा ते घरी बसून कळत नाही.

उन्हाळ्यात "उन्हाचा झटका" असंही लिहितात आजकाल. आपल्याकडचं "ऊन लागलं" हेच बरोबर आहे. ऊन झटक्यात येत नाही, सकाळपासून लागत लागत दुपारी माणूस पडते.

उच्चाराचंही जाता जाता, मराठी झटक्यातला झ झाडातला. आमच्याकडं हिंदीच्या सवयीनं लोक हिंदीवाला झ काढतात, मशीन विकणारा तर हमखास. चालते, त्यावरून भांडू नका.

त्या रात्रीनंतर मी बाबांना म्हटलं, निदान धुऱ्यावर पाटी लावा. त्यांनी जुन्या पत्र्यावर लाल ऑईलपेंटनं लिहिलं, "सावधान! इथे झटका येतो". मी म्हटलं, बाबा, येतो नाही, बसतो. त्यांनी ब्रश डब्यात बुडवला, पाटीकडं पाहिलं अन् म्हणे, "डुकराले समजते ते. तू जेवून घे."